पुनम एकटी राहते

प्रमिलाबाईंचा कोणावर चटकन विश्वास बसत नसे. दूधवाल्याचं माप त्या वाकून बघत, मीटर वाचायला आलेल्याला ओळखपत्र मागत, आणि नवरा छगन आबा बाजारातून लवकर परतला तरी का म्हणून विचारत. शिंदखेड्याच्या त्या गल्लीत त्यांच्या नजरेतून मांजरही सुटत नसे.

म्हणूनच शेजारच्या खोलीत पुनम निर्धास्त राहत होती. एकतीस वर्षांची बाई. नवरा सहा वर्षांपूर्वी सुरतला गेला तो गेलाच. तिकडे त्याने दुसरा संसार थाटला. ती राहायला आली तसा समोरचा रुपचंद उगाच उशिरापर्यंत ओट्यावर बसायला लागला. मग प्रमिलाबाईंनी आबांच्या जुन्या चपला तिच्या दारात ठेवल्या, दोरीवर त्यांचा शर्ट टाकला आणि गल्लीभर सांगितलं की तिचा नवरा परत आलाय, कंपनीत आहे, अंधार पडल्यावर येतो नि उजाडायच्या आत जातो. रुपचंद वेळेवर घरात जाऊ लागला.

यंदा पुनमने धुळ्याला नर्सिंगला नाव घातलं. बारावीनंतर तब्बल तेरा वर्षांनी. फी, एस.टी.चा पास, पुस्तकं, सगळं एका अर्जावर अडलं होतं. नवऱ्याने टाकलेली बाई पुन्हा शिकायला बसली तर तिला सरकारकडून दरमहा मदत मिळणार होती. नाही मिळाली तर दिवाळीनंतर कॉलेज बंद. प्रमिलाबाईंना हे पाठ होतं.

एका दुपारी मोटारसायकलवरून एक माणूस उतरला. खांद्याला बॅग, डोळ्यांवर काळा चष्मा. पुनम कॉलेजला गेली होती.

"पुनमताई इथेच राहतात ना? घरात एकट्याच असतात का?"

"तुम्ही कोन शेतस?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"सहज विचारतोय."

सहज म्हणे. एकटी बाई कुठे राहते ते सहज विचारत हिंडणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

"एकटी काबर ऱ्हाई? तिना नवरा शे ना. रोज राती येस. मोठा तापट शे, भाऊ. निंघा तुम्ही."

त्याने चपलांकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेला. दिवसभर प्रमिलाबाई स्वतःवर खूश होत्या.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. ‘अर्जदाराचा पती तिच्यासोबत राहत असल्याचे शेजाऱ्यांकडील चौकशीत आढळले. सबब अर्ज अपात्र.’ पुनमने ते दोनदा वाचून दाखवलं.

"अक्का, कोणी सांगितलं असेल? रुपचंदभाऊंनी?"

क्षणभर प्रमिलाबाईंना मोह झाला. रुपचंदच्या नावावर सहज खपलं असतं. पण त्या पोरीचा चेहरा त्यांना बघवेना.

"मी सांगं, माय. माले वाटनं, तो मानूस चांगला नही."

शरमेने त्यांची मान वर होईना. पुनम भांडली नाही, रडलीही नाही. त्याच संध्याकाळी तिने फेरचौकशीचा अर्ज लिहिला.

तोच माणूस पुन्हा आला. हितेंद्र त्याचं नाव, धुळ्याच्या ऑफिसातला. प्रमिलाबाईंनी चपला कोणाच्या, शर्ट कोणाचा, सगळं सांगून टाकलं. आबांनी चपलेत पाय घालूनही दाखवला. हितेंद्रच्या नजरेतला संशय प्रमिलाबाईंनी लगेच ओळखला. त्या स्वतः जगाकडे तसंच बघत.

"तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय, अक्का? मदतीसाठी नवरा लपवणारे मी रोज बघतो. तुमच्या घरातली सही चालणार नाही. समोरच्यांना बोलवा."

"दुसरा कोनी नही चालाव का?"

"का? त्यांना काही वेगळं माहीत आहे का?"

रुपचंद आपल्या ओट्यावर उभा राहून ऐकतच होता. त्याच्यासमोर कारण सांगायची सोय नव्हती. शेवटी पुनमच म्हणाली, "बोलवा त्यांना."

"हिच्या नवऱ्याला कधी पाहिलंत?" हितेंद्रने विचारलं.

"कधीच नाही," रुपचंद म्हणाला. "चपला तेवढ्या पाहिल्या." मग त्याने हितेंद्रकडचा जबाबाचा कागद घेतला आणि सावकाश, मोठ्याने वाचला. ‘अर्जदार या घरात एकटी राहते. तिच्यासोबत कोणीही पुरुष राहत नाही.’ वाचून तो हसला. "करतो ना सही. शेजारधर्मच आहे."

त्याने पूर्ण नावाची सही केली, खाली तारीखही टाकली.

"आता अडचण नाही. आठवड्यात मंजूर होईल," हितेंद्र म्हणाला. पुनमचे डोळे भरून आले. प्रमिलाबाईंना आनंद झाला, पण त्यांची नजर रुपचंदवरून हटली नाही. रुपचंद ओट्यावर जाऊन बसला तो दिवेलागण झाली तरी उठला नाही.

प्रमिलाबाईंनी आपली खाट उचलून आणली आणि पुनमच्या दारात आडवी टाकली. "आजपाईन मी आठेच दारमा निजसू," त्या समोर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

"कितला दिन?" आबांनी विचारलं.

"तीन वरीस. तिना कोर्स तितलाच शे."