सतरा नंबरचं बाकडं

उमरग्याच्या एसटी डेपोत तीस वर्षं पाना फिरवून बलभीमअण्णा निवृत्त झाले, तेव्हा भंगाराच्या लिलावातून त्यांनी एकच वस्तू घरी आणली. जुन्या गाडीतल्या सीटचा लोखंडी सांगाडा. गादी कधीच गेली होती, पण सतरा नंबरची पत्र्याची चकती अजून जागेवर होती. अण्णांनी त्यावर सागाची जाड फळी ठोकली, पायांवर वाळूची पोती टाकली आणि घरामागच्या मोकळ्या रानाकडं तोंड करून तो मांडला. अण्णांकडं शिकायला येणाऱ्या शाळेतल्या पोरांनी बनवलेल्या छोट्या विमानाचं इंजिन विमानात बसवायच्या आधी या बाकड्यावर चालवून बघायचं, असा तिथला रिवाज.

त्या रविवारी सकाळी शिवांजली सायकल घेऊन आली, तेव्हा तिच्या पुढच्या टोपलीत टॉवेलात गुंडाळलेलं नवं कोरं इंजिन होतं. मुठीत मावेल एवढं. हैदराबादला नोकरी करणाऱ्या कृष्णराजनं, अण्णांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं, ते पाठवलं होतं. “माझ्याकडं हे एकच होतं,” असं त्यानं चिठ्ठीत लिहिलं होतं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या मैदानावर विमान उडवायला हेडसरांनी दहा मिनिटं दिली होती. मधे दोनच रविवार होते.

आणि हे इंजिन अण्णांनी आदल्या दिवशी दिलं ते शिवांजलीच्या हातात. “घरी ने. बघ, हाताळ. ओळख करून घे,” म्हणाले.

तिला रात्रभर नीट झोप आली नाही. कारण आधीचं इंजिन तिनंच मारलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. या इंजिनाला एक सुई असते. इंजिनाला किती इंधन पाजायचं ते ठरवणारा बारीक स्क्रू. सैल ठेवली की इंधन जास्त जातं आणि इंजिन बुडबुडत, धूर सोडत चालतं. आवळली की इंधन कमी, आवाज धारदार, वेग भन्नाट. पण वंगणाचं एरंडेल त्या इंधनातच मिसळलेलं असतं. इंधन तोडलं की वंगणही तुटतं, आणि नव्या इंजिनाला तर वंगण जास्तच लागतं. हे सगळं अण्णांनी सांगितलेलं असूनही, त्यांची पाठ वळल्यावर शिवांजलीनं तो धारदार आवाज ऐकायला सुई आवळली. अर्धं मिनिट काय आवाज होता! मग ‘खट्’. इंजिन जाम झालं ते कायमचं. अण्णांनी ते बाकड्यावरून उतरवून नेलं. ते मेलेलं इंजिन त्यांच्या ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेलं होतं, आणि तेव्हापासून ओसरीतून जाताना शिवांजली कोनाड्याकडं बघत नसे.

“आली का इंजिनवाली!” युवराज ओरडला. दहावीतला युवराज विमान उडवणार होता. पंख त्यानं तीन आठवडे घासले होते, म्हणून त्याचा जीव टांगणीला. “सुई हितं ठिवून घरी जा तू.”

“ये, गप,” अण्णा म्हणाले. “शिवांजली, बसव.”

तिनं चार बोल्ट आवळून इंजिन फळीवर बसवलं, टाकीची नळी जोडली, पुढं पंखा लावला. पंख्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, म्हणून सगळे मागं सरले. आता पंखा हातानं एकदोनदा फिरवून इंधन आत ओढून घ्यायचं. युवराजनं हात पुढं केला.

तेवढ्यात तिला दिसलं. इंजिन जिथून हवा घेतं त्या बारक्या तोंडाच्या कडेला लाल कण.

“थांब! हात लावू नको!”

“आता काय? साप हाय का आत?”

बोटानं पुसलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण कडेवर एवढं, तर आत किती?

“अण्णा,” ती म्हणाली, “म्या सकाळी ह्याला कुंकू लावलं. तुळजापूरचं. आईनं देव्हाऱ्यात ठिवलेलं. आधीच्यासारखं व्हायला नको म्हणून. वरच्या डोक्याला लावलं व्हतं, पण... तोंडात पडलंय थोडं.”

“मग पंखा फिरवलास?”

“एकदा.” मग खाली बघत, “दोनदा.”

“झालं!” युवराजनं कपाळावर हात मारला. “पैलं आवळून मारलंस, हे ओवाळून मारलंस!”

शिवांजलीचे डोळे भरले. अण्णांनी चष्मा पुसला, परत लावला आणि वाकून त्या लाल कणाकडं बराच वेळ बघितलं.

“डेपोत दर दसऱ्याला गाड्यांच्या नाकावर हळद, कुंकू, नारळ समदं व्हायचं,” ते म्हणाले. “म्या सोता फोडलाय नारळ. पण बॉनेट झाकून. एका वर्षी एकानं उघड्या बॉनेटात मूठभर भंडारा उधळला. दुसऱ्या दिवशी एअर फिल्टर पिवळाधम्मक. ड्रायव्हर म्हणला, गाडीला कावीळ झाली.” पोरं हसली. शिवांजली हसली नाही. “आता हे चालवलं असतं तर आतल्या गुळगुळीत पोलादावर कुंकवानं खडीसारखं काम केलं असतं. तू बोललीस म्हणून चाललं न्हाय. ताट आण काकूकडनं. आणि पांढरं फडकं. पांढरंच पायजे.”

अण्णांच्या बायकोनं, महानंदाकाकूंनी, स्टीलचं ताट दिलं आणि जुन्या धोतराचा तुकडा. “एरंडेलाचा वास लागला तर ताट तुमच्या मास्तरलाच वाढीन,” असंही बजावलं.

इंजिन खोलायचं काम अण्णांनी शिवांजलीलाच दिलं. पंखा आता जराही फिरू द्यायचा नाही. आधी हवेचं तोंड सोडवलं, मग मागचं झाकण. झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट लाल ओघळ होता. अण्णांनी भिंग धरलं.

“वर सिलिंडरपर्यंत पोचलंय का बघ. म्या न्हाय सांगणार, तूच सांग.”

तिनं श्वास रोखून बघितलं. भिंत चकचकीत होती. एकही रेघ नाही. “न्हाय पोचलं.”

“नक्की?”

तिनं परत बघितलं. “नक्की.”

मग धुणं सुरू झालं. सिरिंजनं इंधन आत सोडायचं, ताटात निथळू द्यायचं, फडक्यावर टिपायचं. पहिला डाग गुलाबी पडला. दुसरा कमी गुलाबी. चौथ्याला युवराज म्हणाला, “झालं की आता.” शिवांजलीनं फडकं उन्हात धरलं आणि मान हलवली. सातवा डाग फक्त तेलाचा होता. तरी तिनं आठव्यांदा धुतलं. मग आतल्या भागांना एरंडेलाचे थेंब लावून तिनं सगळं परत जोडलं. तास गेला होता. काकू चहा ठेवून गेल्या आणि जाताना बाकड्याच्या सतरा नंबरच्या चकतीवर कुंकवाचं बोट टेकवून गेल्या. “हितं लावलं तरी देवीला पोचतंय,” म्हणाल्या.

प्लग तापवायला त्याला बॅटरीच्या सेलची चिमटी लावली. सुई तीन फेरे सैल. युवराजनं रबरी नळी चढवलेल्या काठीनं पंख्याला फटका दिला. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्या फटक्याला इंजिन खोकलं, धुराचा गोळा सोडला आणि चालू झालं. बुडबुड, बुडबुड, अडखळत, तेल उडवत. शिवांजलीच्या फ्रॉकवर एरंडेलाचे ठिपके पडले.

दोन मिनिटांनी अण्णांनी खूण केली. तिनं नळी चिमटीत दाबून इंजिन बंद केलं.

“एवढंच?” युवराज म्हणाला. “म्हशीवानी रवंथ करतंय नुसतं. जरा पिळा की.”

अण्णांनी शिवांजलीला विचारलं, “तुमच्यात गोऱ्हा पैल्यांदा जुंपताना काय करतेत?”

“रिकामं जू घालतेत. मग थोडा वेळ ओंडका ओढायला लावतेत. मग सोडतेत.”

“लगेच नांगराला का न्हाय?”

“मान सुजती. मग परत मानंला हात लावू देत न्हाय.”

“हं,” अण्णा म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला.

इंजिन हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, परत दोन मिनिटं चालवायचं. परत थांबायचं. ऊन डोक्यावर आलं. पाचव्या खेपेला अण्णा म्हणाले, “आता सुई दोन खटके आवळ. थोडा वेळच. मग परत सैल.” आणि ते सरळ उठून बाकड्याकडं पाठ करून लिंबाखाली जाऊन बसले, जणू आता इथलं त्यांचं काम संपलं होतं.

शिवांजलीनं सुई धरली. एक खटका. दोन खटके. बुडबुड थांबली आणि इंजिनानं एकदम तोच आवाज काढला. सलग, उंच, धारदार. पंख्याचा नुसता धूसर गोल झाला. वाळूची पोती असूनही बाकडं थरथरलं.

“अजून एक!” युवराज आनंदानं ओरडला. “अजून एकच, शिवे!”

तिची बोटं सुईवर होती. तिला तो आवाज अंगभर हवा होता, दिवाळीपेक्षाही जास्त. तिनं मनात दहापर्यंत मोजलं. दहा झाले. तिनं सुई उलटी फिरवली. एक खटका. दोन. इंजिन परत म्हशीसारखं रवंथ करायला लागलं, आणि इंधन संपेपर्यंत तसंच करत राहिलं.

लिंबाखालून अण्णांनी वळूनही न बघता विचारलं, “सैल कुणी केली?”

“म्या.”

“बरं,” एवढंच ते म्हणाले. पण त्यांच्या पाठीकडं बघूनसुद्धा कळत होतं की म्हातारा हसतोय.

इंजिन गार झाल्यावर शिवांजलीनं पंखा एका बोटानं फिरवला. तो अडकला नाही, नुसता आतला पिस्टन वर गेल्यावर जरा घट्ट झाला आणि सुटला, नव्या इंजिनाचा व्हावा तसा. युवराजनंही फिरवून बघितला. “चाललंय की मस्त,” तो म्हणाला. “पुढच्या रविवारी सुई तूच धर. माझा हात थांबायचा न्हाय.”

सामान आवरता आवरता शिवांजली ओसरीपाशी थबकली. मग आत गेली, आणि कोनाड्यातलं ते जुनं, जाम झालेलं इंजिन घेऊन बाहेर आली. त्यावर धूळ होती. तिनं ते सतरा नंबरच्या फळीवर ठेवलं.

“अण्णा, हे खोलू का? आत काय झालंय ते बघायचंय मला.”

अण्णा लिंबाखालून उठले. काकूंचं ताट अजून तिथंच होतं, तेलानं माखलेलं.

“पांढरं फडकं दुसरं आण,” ते म्हणाले. “ह्याला वेळ लागंल.”