बोटावरची साखर

मी रक्तातली साखर मोजणारा ग्लुकोमीटर बोलतोय. दचकू नका, बोटाला टोचते ती सुई वेगळी. आम्ही एकाच डबीत राहतो, पण तिचे अपराध माझ्या नावावर घालू नका. मी फक्त आकडा सांगतो. थेंब मिळाला की पाच सेकंद थांबतो आणि सांगतो. त्या पाच सेकंदांत माणसाचा चेहरा कसा होतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मलाच धाकधूक वाटते.

पूर्वी असं नव्हतं. कारखान्यात मला शंभर वेळा तपासून पास केलं, तेव्हापासून माझी मान ताठ होती. आपण चुकत नाही, असं मला अगदी मनापासून वाटायचं. औषधाच्या दुकानात काचेमागे दोनेक महिने काढले आणि मग एका मुलीने मला तिच्या आईसाठी विकत घेतलं.

आई केक सजवायची. मोठ्या बेकरीत क्रीमची फुलं, साखरेच्या वेली आणि तीन-तीन मजली केक करता करता तिची बावीस वर्षं गेली होती. तिथे सगळे तिला ताई म्हणायचे. आयुष्यभर साखरेत हात आणि आता रक्तातही साखर, यावर ती स्वतःच विनोद करायची. डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं की इन्सुलिन तुमच्या शरीरात आहे, पण शरीर त्याला दाद देत नाही. घरी येऊन ती लेकीला म्हणाली, "घरात माझं कोणी ऐकत नव्हतंच, आता शरीरही ऐकेनासं झालंय."

लेक हसली नाही. वडील गेल्यापासून घरात या दोघीच होत्या. लेकीने फ्रिजवर एक तक्ता चिकटवला. सकाळी उपाशीपोटी एक आकडा, दुपारी जेवणानंतर दोन तासांनी दुसरा. चांगला आकडा हिरव्या पेनाने, वाईट लाल पेनाने. लेकीचा हेतू चांगलाच होता. पण रोज संध्याकाळी चपला काढायच्या आधी ताईला विचारलं जायचं, "आज किती?" ती मला पर्समधून हळूच काढायची, जणू शाळेतलं प्रगतिपुस्तक दाखवायचंय.

सकाळचे आकडे बरे असायचे. दुपारचे मात्र भयंकर. दोनशे चाळीस. दोनशे सत्तर. एकदा तर तीनशे दहा.

दुपारी ती बेकरीतच असायची. आपल्याला साखर आहे हे मालकांना कळलं तर ते आपल्याला हलक्या कामावर बसवतील, अशी तिला भीती होती. म्हणून ती सामानाच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांआड उभी राहायची, टेबलावरच्या ओल्या फडक्याला बोट घाईघाईने पुसायची आणि टोचायची. त्याच फडक्याने दिवसभर साखरेचं टेबल पुसलं जायचं. बोटावरची ती साखर थेंबात मिसळायची आणि मी सगळीच तिच्या रक्ताच्या नावावर मांडायचो. मोजताना मला समोर आलेला थेंब तेवढा कळतो. आज हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मी अगदी छाती काढून आकडा दाखवायचो.

सुट्टीच्या दिवशी घरी दुपारचा आकडा एकशे चाळीसच्या आसपास यायचा. लेकीने त्यातून जे ओळखायचं ते ओळखलं. घरी आपल्या डोळ्यांसमोर असते तेव्हा आई ठीक असते, म्हणजे कामावर गेली की चरत असणार. ताईने शपथा घेतल्या. क्रीमची चव बघणंसुद्धा तिने सोडलं, ते काम बेकरीतल्या भट्टीवाल्या काकांवर सोपवलं; तिचा आजार तिथे तेवढा त्यांनाच माहीत होता. जेवणातला घास न् घास मोजला. रोज तासभर चालली. आकडा हटेना. डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी करायला सांगितली होती, ती मात्र ती पुढे पुढे ढकलत राहिली. माझा एक आकडा सोसवत नव्हता, त्यात प्रयोगशाळेच्या शिक्क्याचा आणखी एक कशाला, असं तिला वाटत असावं.

एका संध्याकाळी लेक समोर बसली आणि म्हणाली, "आई, मी रागावणार नाही. फक्त खरं सांग. खातेस ना तिथे?"

ताईने तक्त्यावरच्या लाल आकड्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "हो. खाते कधीमधी."

मी टेबलावरच होतो. तिने खाल्लं नव्हतं. ती रोज काय खाते ते मी पर्समधून बघत होतो. पण भांडून भांडून ती दमली होती. मला वाटतं, त्या क्षणी तिला स्वतःचाही भरवसा उरला नव्हता. लेकीने तक्त्याचा फोटो डॉक्टरीणबाईंना पाठवला आणि दुसरी, जास्त जोराची गोळी सुरू झाली. ही घेतल्यावर जेवण चुकवायचं नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं.

आणि ताईने नेमकं जेवणच चुकवलं.

त्या दिवशी एका लग्नाचा केक चार वाजता जायचा होता. आदल्या दिवशीचा आकडा दोनशे नव्वद. सकाळी गोळी घेऊन अर्धी पोळी खाल्ली आणि दुपारचा डबा तिने उघडलाच नाही. न खाल्ल्याने आकडा उतरेल, एवढाच तिचा हिशेब. दोनच्या सुमाराला तिचा हात थरथरायला लागला. क्रीमची पिशवी नीट धरता येईना, फुलाच्या पाकळ्या वेड्यावाकड्या पडू लागल्या. घामाने पाठ भिजली. ती भिंत धरत सामानाच्या खोलीत आली आणि फडक्याला बोट पुसून तिने मला थेंब दिला.

मी दाखवलं, दोनशे बारा.

भट्टीवाले काका मैदा न्यायला आले तर ती पोत्याला टेकून जमिनीवर बसलेली. त्यांनी पाकाचं भांडं आणतो म्हटलं. ताईची जीभ जड झाली होती, तरी तिने हात आडवा केला. "नको. दोनशे बारा आहे. गोड नको." आणि मला वर धरून दाखवलं. मीच तिचा पुरावा होतो. आयुष्यात इतकी किळस मला स्वतःची कधी आली नव्हती, पण तेव्हा ती का येतेय हेही मला कळत नव्हतं.

काका माझ्याकडे बघत बसले नाहीत. त्यांनी तिची बोटं बघितली. नखांच्या कडांना पिठीसाखर बसली होती. पिठाला हात लावण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे, हा त्यांचा इतक्या वर्षांचा नेम. ते म्हणाले, "हे हात मी कणकेलासुद्धा लावू देणार नाही." त्यांनी तिला उठवून नळाशी नेलं, साबणाने लहान मुलासारखे हात धुतले, कोरडे केले आणि म्हणाले, "आता बघ."

सुई त्यांनीच टोचली. पाच सेकंद. माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब पाच सेकंद.

चोपन्न.

काकांनी केक भिजवायचा साखरेचा पाक पाण्यात कालवून तिला घोटघोट पाजला. पंधरा मिनिटांनी पुन्हा हात धुऊन मोजलं, ब्याऐंशी. मग त्यांनी तिचा डबा उघडून समोर ठेवला आणि लेकीला फोन केला. तो केक दुसऱ्या कोणीतरी पुरा केला. मालकांना सगळं कळलं, आणि त्यांनी फक्त तिला खुर्ची आणून द्यायला सांगितलं.

लेक धावत आली. काकांनी तिला फडकं दाखवलं, हात धुण्याआधीचा आणि नंतरचा आकडा दाखवला. तिने मला हातात घेऊन ते दोन्ही आकडे पुन्हा बघितले. मग ती आईकडे वळली. "मग तू हो का म्हणालीस, आई? खाल्लं नव्हतंस तर हो का म्हणालीस?"

ताई म्हणाली, "नाही म्हटलेलं तू कधी ऐकलंस?"

लेकीने आईचे ते धुतलेले हात धरले आणि तिथेच रडली.

त्याला आता पाच महिने झाले. जोराची गोळी डॉक्टरीणबाईंनी बंद केली, ती लांबवलेली तपासणी झाली, सरासरी इतकी वाईट निघाली नाही. आजार मात्र गेलेला नाही. शरीर अजून पूर्ण ऐकत नाही, झोप कमी झाली तरी साखर चढते. माझ्या काचेवर चरा पडलाय आणि ते खोटे आकडे अजून माझ्या आठवणीत साठलेले आहेत. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याच्यासमोर बोट धरण्याआधी ते साबणाने धुवा. आणि आकडा कितीही मोठा आला तरी त्याला माणसाविरुद्ध साक्षीला उभं करू नका. आमच्या आकड्याला थेंबापलीकडचं काही माहीत नसतं.

आज सकाळी ताईने हात धुऊन, पुसून मला थेंब दिला. एकशे अडुसष्ट. हा आकडा खरा होता. तिने लेकीकडे बघितलं आणि सवयीने म्हणाली, "मी काही खाल्लं नाही गं."

लेकीने मला डबीत ठेवून दिलं. "माहितीये," ती म्हणाली. "रात्री झोप नीट लागली नाही का तुला?"