उघडायला सोपं

आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे उगाच कुणाचा जीव टांगणीला नको: शेवटी ती जिंकली. कशी जिंकली ते मात्र सवडीनं ऐकण्यासारखं आहे. कारण सुरुवातीला तिच्या बाजूनं सगळ्या कारखान्यात दुसरं माणूस नव्हतं.

कारखाना प्लास्टिकच्या बरण्यांचा. पुढच्या हॉलमध्ये मशीनवर बरण्या आणि झाकणं पडायची, मागच्या हॉलमध्ये पॅकिंग चालायचं, आणि जिन्याखालच्या खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि ती. बरणीवर, झाकणावर, खोक्यावर जे काय छापायचं ते तिनं लिहून द्यायचं. मालकांनी थट्टेत तिला शब्दवाली म्हटलं आणि तेच चिकटलं.

इंग्रजीचा तिला भारी नाद. दुकानात साबण घ्यायला गेली की साबण राहायचा बाजूला, ही वेष्टन वाचत उभी. कुठला शब्द कुणाबरोबर नांदतो हे बघायला तिला आवडायचं. ‘रेडी’ आलं की मागोमाग ‘टू यूज’ आलंच. ‘सेफ’चं ‘टू ड्रिंक’शी छान चालतं. ‘ईझी’ तर कुणाच्याही घरात रमतं: टू क्लीन, टू कॅरी, टू ओपन. काही जोड्या मात्र नुसत्या व्याकरणाच्या पुस्तकात शेजारी बसतात, बाहेर कुणाच्या तोंडी म्हणून येत नाहीत. तिचा हिशोब सरळ होता. माणसं जे खरंच बोलतात तेवढंच छापायचं.

तर एक दिवस मालक हवेतच तिच्या खोलीत शिरले. सांधेदुखीच्या गोळ्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला बरण्या हव्या होत्या. ऑर्डर मिळाली तर बंद पडायला टेकलेली दुसरी पाळी वाचणार होती. कंपनीची अट एवढीच, की झाकण उघडायला सोपं असावं आणि तसं ते झाकणावर इंग्रजीत लिहावं.

“मी सुचवतो,” मालक म्हणाले. “डिलाइटफुल टू ओपन.”

“असं कुणी म्हणत नाही, साहेब.”

“आपण म्हणू. सुरुवात कुणीतरी करायलाच लागते.”

“लोक ‘ईझी टू ओपन’ म्हणतात. झाकण उघडताना कुणाला आनंदाचं भरतं येत नाही.”

मालकांनी तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. आता राहिली चाचणी. त्या कारखान्यात झाकणांची चाचणी करायची एक जुनी पद्धत होती, आणि तिचा सगळ्यांना फार अभिमान. नवं झाकण आलं की ते पॅकिंगमधल्या बायकांकडे जायचं. त्यांच्यात एक होती, तिला सगळे पक्कड म्हणायचे. दिवसभर झाकणं लावून आणि काढून तिच्या हातात असं काही बळ आलं होतं की हस्तांदोलन करायला पुरुष कचरायचे. पक्कडीनं नवं झाकण दोन बोटांत धरलं, फिरवलं, बाजूला ठेवलं. “सोपं आहे,” ती म्हणाली. बाकीच्या बायकांनीही तेच सांगितलं. चाचणी पास. इतकी वर्षं असंच चाललं होतं, आणि झाकणं उघडण्यातच ज्यांचा जन्म गेला त्यांना झाकण सोपं वाटणारच, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. शब्दवालीच्याही नाही.

त्या संध्याकाळी तिनं नमुन्याची बरणी घरी नेली. घरी आत्या. शब्दवालीला लहानपणापासून आत्यानंच वाढवलेलं, शिवणकाम करून. आता तिची बोटं सांध्यांतून वाकडी झाली होती, जीभ मात्र तशीच सरळ आणि तिखट. आत्याच्या गोळ्या त्याच कंपनीच्या, म्हणून ही कौतुकानं म्हणाली, “बघ, तुझ्यासाठी नवं झाकण.”

आत्यानं बरणी घेतली. बोटांनी धरून बघितली, मग पदरात धरून बघितली. मग उठली, झाकण दाराच्या फटीत अडकवलं आणि दार अंगानं रेटून बरणी पिळायला लागली. शब्दवाली बघतच राहिली. दाराच्या कडेवरचा रंग त्या एवढ्याच जागी उडालेला होता. म्हणजे हे आजचं नव्हतं.

“आत्या, मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगायचं? रोज सकाळी तुला हाक मारू, ये गं माझं झाकण काढून दे? माझ्यानं नाही व्हायचं ते.”

“आणि दारानंही नाही उघडलं तर?”

“मग त्या दिवशी नाही घेत गोळी,” आत्या म्हणाली आणि विषय संपवला.

शब्दवालीला रडू आलं, आणि त्याहून जास्त आला राग. दुसऱ्या दिवशी ती मालकांसमोर जाऊन उभी राहिली.

“ते शब्द मी देणार नाही.”

“काल तूच दिलेस की.”

“काल मला वाटलं सोपं आहे. सोपं म्हणजे कुणाला, हे मी विचारलंच नाही. पक्कडीला सोपं आहे. पक्कड भिंतीतला खिळाही हातानं काढेल.”

“अगं, झाकणावर कोण विचारणार कुणाला म्हणून? ते लिहिलेलं नसतंच.”

“लिहिलेलं नसतं म्हणूनच. वाचणाऱ्याला वाटतं, मला. आणि नाही उघडलं की त्याला वाटतं, खोट माझ्यातच आहे.”

मालकांनी कपाळाला हात लावला. उद्या कंपनीच्या मॅडम येणार, साचा तयार, आणि ही बया आडवी. “मग काय छापू? कोरं ठेवू?”

“‘पॉसिबल टू ओपन’ छापा.”

“झाकणावर असं कोण छापतं?”

“कुणीच नाही. पण खरं तेवढंच आहे.”

मालक चिडले. दुसरी पाळी गेली तर तिचं खापर तुझ्यावर, असं त्यांनी सगळ्यांदेखत ऐकवलं. दुसऱ्या पाळीत पक्कडीची सून होती, कितीतरी जणी होत्या. दुपारी डबा खाताना शब्दवालीच्या बाकावर कुणी बसलं नाही. पण माघार घ्यायचं काही तिच्या मनात आलं नाही, ती आत्याच्याच हाताखाली वाढलेली.

ती साच्याच्या मिस्त्रींकडे गेली. झाकण त्यांनीच घडवलेलं, आणि त्यांच्या झाकणाला नाव ठेवणं म्हणजे त्यांच्या लेकराला काळं म्हणण्यासारखं. ते म्हणाले, “माझ्या झाकणातून हवेचा कण आत जात नाही.”

“गोळीही बाहेर येत नाही,” ती म्हणाली आणि आत्याची आणि दाराची गोष्ट सांगितली.

मिस्त्री भडकले. कोण ती आत्या, आणा तिला समोर, म्हणाले. हिनं खरंच आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मिस्त्रींच्या लेथ मशीनजवळच्या स्टुलावर येऊन बसली, पाठ ताठ, नाक वर.

“उघडा बघू,” मिस्त्री म्हणाले.

आत्यानं धडपड केली. झाकण हललं नाही. मिस्त्रींचा राग कुठल्या कुठे गेला, कारण ते आता झाकणाकडे नाही, हातांकडे बघत होते. “बोटं सोडा,” ते हळूच म्हणाले. “जोर कुठे आहे अजून? दाखवा.” आत्यानं तळहाताचा मनगटाकडचा भाग टेबलावर दाबला. टेबल कुरकुरलं.

बस, मिस्त्रींना तेवढं पुरे होतं. त्यांनी पांढऱ्या नायलॉनचा ठोकळा लेथला लावला. झाकण रुंद केलं, तळव्यानं ढकलता यावं म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी कान काढले. आत्या दोन्ही तळव्यांनी झटली, आणि झाकण उघडलं. मालक दारातच उभे होते, ते टाळ्या वाजवत आत आले.

“झालं की नाही सोपं?”

“सोपं कसलं? कळ आली मनगटात. उघडलं एवढंच.”

“आत्याबाई, एवढं हो म्हणा ना. बायकांच्या पोटाचा प्रश्न आहे.”

“जन्मभर कपडे शिवले मी,” आत्या म्हणाली. “काखेत घट्ट झालेला कपडा छान बसलाय म्हणून कुणाच्या गळ्यात मारला नाही. आता या वयात सुरुवात करू?”

मिस्त्री खुशीत हसले आणि बाही वर सारून पुन्हा लेथकडे वळले. आता त्यांनी झाकणाचे आणि बरणीच्या तोंडाचे आटे बदलले, उभट आणि मोजके, म्हणजे थोडं फिरवलं की झाकण सुटावं. कानांच्या कडा गोल घासल्या. पक्कड कामातून उठून बघायला आली. थोडा वेळ आत्याचे हात बघत राहिली, मग शब्दवालीला म्हणाली, “माझेही असेच होणार आहेत गं. आईचे झाले होते.” आणि मिस्त्रींच्या हातातून घासकागद घेऊन स्वतः घासायला बसली. ते झाकण पुरं होतंय न होतंय तोच फाटकात गाडी वाजली. ते आत्याच्या हातात देऊन बघायलाही वेळ मिळाला नाही.

मॅडम शांत होत्या, कमी बोलणाऱ्या. टेबलावर गोळ्यांनी भरलेली बरणी, तिच्यावर नवं झाकण. समोर आत्या. मालकांना घाम फुटला होता, आणि घाम फुटला की मालक बोलायचे. त्यांनी कारखान्याचा इतिहास सुरू केला. मग आत्याकडे हात करून म्हणाले, “या आमच्या आत्याबाई. बिचाऱ्या. हात अगदी निकामी झालेत.”

आत्याचा पारा चढला.

“बिचारी कोण?” तिनं विचारलं. “निकामी कुणाला म्हणता हो? या हातांनी लग्नाचे कपडे शिवलेत माणसांचे. या हातांनी हिला न्हाऊमाखू घातलंय, शाळेत घातलंय. अजून माझी भाकरी मी थापते, कुणाची मिंधी नाही. तुमची झाकणं निकामी होती, माझे हात नव्हे, कळलं? पुन्हा बिचारी म्हणालात तर...”

बोलता बोलता तिचे हात बरणीवर होते. उजवा तळवा कानाला लागला, झाकण फिरलं, सुटलं. तिनं ते सवयीनं टेबलावर ठेवलं आणि मालकांपुढे बोट नाचवत बोलत राहिली. सगळे झाकणाकडे बघत होते, एक आत्या सोडून.

“असे काय बघताय?” तिनं विचारलं आणि खाली पाहिलं.

बरणी उघडी होती. आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं झाकण लावलं, तळव्यानं ढकललं, काढलं. पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते तिनं पुसलंही नाही.

“काय लिहायचं यावर?” मॅडमनी विचारलं.

मालकांनी तोंड उघडलं होतं. पण ते शब्दवालीकडे वळले आणि पहिल्यांदाच म्हणाले, “तुम्ही सांगा.”

“ईझी टू ओपन,” शब्दवाली म्हणाली. तिचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये ऐकू गेला.

“म्हणजे काय गं?” आत्यानं विचारलं.

“उघडायला सोपं.”

“मला,” आत्या म्हणाली आणि बरणीतून आपल्या हातानं गोळी काढून घेतली.