शनिवारीच उरकलेला रविवार

आठवड्याची एक हक्काची सुट्टी मिळावी म्हणून वस्तीतल्या घरकामवाल्या बायकांनी ठरवलं होतं की रविवारी कुणीच कामावर जायचं नाही. भांडी तुंबली की मालकिणींचे डोळे उघडतील, असं संघटनेच्या ताईंचं म्हणणं.

सोमवारी सभेत ताईंनी वस्तीतल्या दोघी जावांपैकी थोरलीला विचारलं, "मग, काय म्हणाल्या तुमच्या बाई?"

"खूश होत्या," थोरली हळूच म्हणाली. "त्यांचा खोळंबा नको म्हणून मी शनिवारीच दोन दिवसांची भाजी चिरली, कपडे धुतले, इस्त्रीही करून ठेवली."

"धन्य आहे जाऊबाई तुमची!" तिची धाकटी जाऊ खिदळली. "संप केला, तोही काम उरकून!"

"आणि तू गं?" ताईंनी तिला विचारलं.

धाकटीने तोंडाला पदर लावला. "मीसुद्धा. केर तेवढा राहिला."

मग एकेक मान खाली जाऊ लागली. ताईंनी कपाळाला हात लावला.

थोरलीची कंबर धरली होती. रविवारभर ती कण्हत पडून होती. त्याला सुट्टी कोण म्हणेल?

पुढच्या शनिवारी काम आटोपताना बाई सहज म्हणाल्या, "उद्याचंही करून जातेस ना?"

थोरलीचा हात सवयीने भाजीच्या टोपलीकडे गेला. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि हात मागे घेतला.

"नाही बाई. उद्या माझी सुट्टी."

"अगं, भांडी पडून राहतील!"

"राहू द्या," थोरली थकल्या आवाजात म्हणाली आणि चपला घालू लागली.