दादांचं बोट

माझा भाऊ अंगद माणूस वाईट न्हाई, पण त्याच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की ती उठत न्हाई. बैल अडला तर निदान शेपूट पिरगळता येतं, ह्याचं काय पिरगळावं? ह्या उन्हाळ्यात त्यानं पोरीला, उमाला, समोर बसवलं आन् म्हणला, "एक कारण सांग. माझ्या टाळक्यात शिरंल असं एकच. मंग खुशाल जा पुण्याला."

पोरीच्या गळ्यात एवढं गाणं असून ऐन वेळेला तोंडात बोलणं कसं नसतं, हे मला अजून कळलं न्हाई.

उमा म्हणजे माझी भाची. जालन्याला कॉलेजात गेली तवापासून प्रभावतीबाईंकडं शास्त्रीय गाणं शिकून राह्यली. बाई कडक. पहिलं वर्षभर नुसता सा लावायला लावला म्हणं. मी असते तर तिसऱ्याच दिवशी गावाकडची जीप धरली असती. आता बाईंनीच सांगितल्तं की, माझ्याजवळचं द्यायचं ते देऊन झालं, आता पुण्याला माझ्या गुरुबहिणीकडं जाऊन राहा, चार-पाच वर्षं दुसरं काही करू नको. आन् इकडं अंगदानं बी.एड.ला नंबर लावून ठेवलेला. सोमवारी जालन्याला जाऊन प्रवेश पक्का करायचा. एकदा पोरगी तिकडं अडकली की गाणं गेलं चुलीपाशी, भाकरी थापताना गुणगुणायला.

अंगदाचंबी मी बिलकुल चूक म्हणत न्हाई. आमचे वडील भुजंगदादा, सगळ्या घनसावंगी तालुक्यात त्यांचं भजनाला नाव होतं. पेटी बगलेत मारायची आन् भरल्या जीपला मागं लटकून गावोगाव जायचं. येताना हार, नारळ, उपरणं. इकडं आई उसाला पाणी देऊन राह्यलेली, आन् अंगद शाळा सोडून तिच्या हाताखाली. मी थोरली, मला गावातल्या गावातच दिलेली, मला सगळं दिसायचं. दादा गेले तवा दारात माणूस मावत नव्हतं. अंगद म्हणतो, त्या गर्दीतल्या एकानंबी कधी आमचा एक वाफा भिजवला न्हाई. खरंच हाय ते. त्याला गाण्याचा राग न्हाई, गाण्याचा धसका हाय.

उमाला कारणं सुचवायला सगळं घर पुढं. तिचा भाऊ सुमित म्हणला, टीव्हीवर दिसंन, मोबाईलवर लाखानं लोक बघतील, असं सांग. भावजय म्हणली, देवाची सेवा म्हण, देवाचं नाव काढलं की ह्यांना पुढं बोलता येत न्हाई. उमा सगळ्यांचं ऐकून घ्यायची आन् शेवटी म्हणायची, पण ते कारण न्हाई ना. अगं माय, मंग हाय तरी काय? तर म्हणायची, "सांगता येत न्हाई आत्या. गाऊन दाखवता आलं तर येईल."

झालं. तिथंच माझं डोकं पळायला लागलं.

रविवारी दादांची पुण्यतिथी होती. दरसाल मारुतीच्या देवळात सकाळी भजन असतं, मंग पंगत. मी मंडळाला कळवून टाकलं की ह्या साली दादांचा आवडता अभंग दादांची नात म्हणणार. अभंग दादांचा, पेटी दादांची, नात दादांची. अंगद दगडाचा असला तरी पाझर फुटंल, असा माझा बराबर हिशोब. स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन मी त्या दिवशी दोन वाट्या शेवया जास्त खाल्ल्या.

पेटी आता तातेराव वाजवतात. तातेराव म्हणजे दादांचे चेले, भला माणूस, दादांचं सगळं उचललंय त्यांनी. दादांचं बोटसुद्धा. हे बोटाचं सांगायला पाहिजे. दादा गाता गाता मधीच उजव्या हाताचं एक बोट पट्टीवरून उचलून वर धरायचे. गावात लहान पोराला ठाऊक, की दादा तंद्रीत देवाकडं बोट दाखवतात. म्हाताऱ्या बायका त्या बोटाला हात जोडायच्या. अंगदानं चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगला त्याची नक्कल केल्ती, सगळी शाळा हसून लोळली, आन् घरी आल्यावर दादांनी त्याला थोबाडीत दिली. दादांनी कुणावर हात उचललेला मी तेवढा एकदाच बघितला. आता तातेराव दर ओळ संपली की तसंच बोट वर करतात आन् डोळे मिटतात.

तर भजन सुरू झालं. उमा मधोमध बसली, दादांचं उपरणं खांद्यावर. ते माझंच काम, ट्रंकेतून काढून मीच घातल्तं. पोरीनं आवाज लावला आन् देवळातली कुजबुज बंद झाली. मी अंगदाकडं बघितलं, तो खांबाला टेकून खाली मान घालून बसल्ता. म्हणलं, पाझरतंय, पाझरतंय.

मंग दुसऱ्या ओळीला काय झालं कुणास ठाऊक, एका सुरावर पोरगी आडवी गेली. टाळकरी एकीकडं, पेटी एकीकडं, ही तिसरीकडं. पहिल्यांदा तिनं सावरून घेतलं, सगळ्यांबरोबर आली. पुन्हा ती जागा आली, पुन्हा सावरलं, पण आवाज कापला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. जालन्याला एवढी वर्षं शिकून पोरगी आपल्या मारुतीपुढं बेसूर व्हावी? तिसऱ्यांदा ती जागा आली तशी ती गायचीच थांबली. तातेरावांकडं वाकून हळूच म्हणली, "काका, तेवढी गंधाराची पट्टी सोडून वाजवता का? तिचा सूर उतरलाय."

हळू म्हणली, पण देऊळ केवढंसं. सगळ्यांनी ऐकलं. तातेरावांचा हात भात्यावरच राह्यला. म्हणले, "बाई, ही दादांची पेटी हाय. सगळं गाव हिच्यावर गायला शिकलंय."

अंगद उठला. त्यानं सगळ्यांना हात जोडले आन् पंगत बसवून घ्या म्हणला. बस, तेवढंच. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं.

पंगती उठेपर्यंत तो वाढत राह्यला. घरी आल्यावर पोरीला समोर उभी केली. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणला, "माझा बाप बेसूर होता?"

उमा दादांना आबा म्हणायची. म्हणली, न्हाई पप्पा, आबा न्हाई, पेटी. त्यानं पुढचं ऐकलंच न्हाई. म्हणला, त्या माणसानं आम्हाला काही दिलं न्हाई. जमीन आईनं राखली, घर मी बांधलं. त्याचा म्हणून एक सूर तेवढा होता गावात, तोबी तू आज भर देवळात खोटा केलास. आन् शेवटी म्हणला, "कारण राहू दे. उद्या बी.एड.चं करून येऊ." आन् मागच्या पडवीत जाऊन बसला.

मीबी पोरीवर उखडले, का उखडू नये? एवढी मी बांधणी केलेली. म्हणलं, एक अभंग, बाई, एकच! तेवढा ढकलून न्यायचा होता गावाबरोबर, जन्माचं काम झालं असतं. तिच्या डोळ्यातून घळाघळा पाणी. म्हणली, "ढकलला आत्या, दोनदा ढकलला. तिसऱ्यांदा गळ्यानंच ऐकलं न्हाई." पुढं म्हणली, ऐकू आलेलं न आल्यासारखं करता येत न्हाई. माझा राग तिथंच अर्धा उतरला. पण करणार काय, नाक तर कापून झालं होतं.

पेटी मीच देवळातून उचलून आणल्ती. ती झाकून ठेवावी म्हणून पदरानं पुसायला घेतली. पट्ट्यांवर प्रसादाचं बोट कुणीतरी लावलेलं, तेबी पुसलं. आन् पुसता पुसता माझा हात थांबला.

दादांची गायची उंची ठरलेली, सगळं भजन तेवढ्याच मधल्या पट्ट्यांवर. त्या पट्ट्यांना बोटानं बोटानं खळगा पडलाय, पाटा झिजतो तसा. पिवळ्या, गुळगुळीत. आन् त्यांच्या मधी एक पट्टी सपाट. नव्या पेटीची असती तशी, नुसती वरनं जराशी मळलेली. मी सा पासून बोट ठेवत गेले. सा ला खळगा, रे ला खळगा, म ला खळगा. मधला ग, म्हणजे गंधार, कोरा.

आता एवढं गाऊन गंधार लागत न्हाई असं कसं होईल? मंग मी डोळे मिटून दादांना आठवलं, गाताना, हात हलतोय, हात हलतोय, आन् ते बोट वर. ओळीच्या शेवटी न्हाई. मधीच. दरवेळी मधीच, त्याच जागेवर. देवाकडं बिवाकडं काही न्हाई, माझा बाप ती खराब पट्टी चुकवून राह्यला होता! पट्टी गप्प ठेवायचा आन् तेवढा सूर आपल्या गळ्यानं लावायचा, आन् आम्ही त्याच्या गळ्यामागं जायचो. तो गेल्यावर तातेरावांनी बोट उचललं, पण कशाला उचललं ते न्हाई उचललं. ती पट्टी ते दाबत आले आन् सगळं गाव, माझ्यासकट, हळूहळू तिच्यामागं खाली उतरत गेलं. पेटी दुरुस्त का केली न्हाई दादांनी, देव जाणे. आळस असंल, त्यांचा काय भरवसा.

मी पडवीत गेले आन् अंगदाला अक्षरशः दंड धरून आणला. त्याचा हात धरून एकेका पट्टीवरून फिरवला. तो आधी वैतागला. मंग त्या कोऱ्या पट्टीवर त्याचं बोट थांबलं, आन् त्यानं माझ्याकडं बघितलं.

"बोट," एवढंच म्हणला.

उमा दारात उभी होती. मी तिच्यावर डाफरले, की तुला हे ठाऊक होतं तर मघाशी बोलली का न्हाई? ती म्हणली, मला वाटायचं सगळ्यांना ठाऊक हाय. आन् मंग जी पोरगी महिनाभर एक कारण सांगू शकली न्हाई, ती उभ्या उभ्या बोलली.

"आबा मला मांडीवर घेऊन बसायचे ना पप्पा, तवा म्हणायचे, हितं पेटी गप्प बसती, हितं आपलं आपण जायचं. मी जायचे. कधी सूर सापडायचा, कधी न्हाई. सापडला की आबांची मांडी हलायची. बाईंकडं गेल्यावर कळलं, सगळेच सूर तसे हाईत, हात धरायला कुठंच कुणी नसतं. मला तिथं जायचंय. टीव्ही न्हाई, देवबी न्हाई, दुसरं कारण न्हाई माझ्याजवळ. हे तुमच्या टाळक्यात शिरतंय का, मला माहीत न्हाई."

अंगद खाली बसला, पेटी पुढं ओढली. शिकला न्हाई तो कधी, पण त्या घरात वाढलेल्याला सा रे ग म सांगावं लागत न्हाई. उसात राबलेली जाड बोटं ती, भाताबी धड हलवता येईना. त्यानं सा दाबला. मंग रे. मंग त्याचं बोट त्या कोऱ्या पट्टीवर आलं, थांबलं, आन् वर गेलं. चौथीत गॅदरिंगला केल्तं अगदी तस्सं, पण आज हसायला कुणी नव्हतं. तो तसाच पोरीकडं बघत राह्यला.

उमानं गंधार लावला.

मला ऐकू आला. आन् दादा गेल्यापासून मी काय गाऊन राह्यले, तेबी ऐकू आलं. रडले मी, सरळ सांगते. भावजय चुलीपासून उठून आली. माझा बाप त्या खोलीत बसल्यासारखा वाटला, खोटं कशाला बोलू.

सूर संपला तरी अंगदाचं बोट वरच होतं. बऱ्याच वेळानं त्यानं ते खाली घेतलं, पेटीचा भाता नीट लावला, पट्ट्या झाकल्या.

"उद्या जालन्याला जायचंच हाय आपल्याला," तो पोरीला म्हणला. "बाईंना विचारून घेऊ, पुण्याला संगं काय काय न्यावं लागतं."