आईंची टाकी

सासूबाईंना मी आईच म्हणते. जन्मभर मिठागरात दंताळं ओढून त्यांची पाठ अशी आखडलीय, की उताणं झोपणं कधीच सुटलं. भिंतीला टेकून, उशा लावून, बसल्या बसल्या डुलक्या घेतात. माझी तान्ही फ्लोई हातपाय पसरून झोपली की तिच्याकडे बघत राहतात. "कशी पसरलीय बघ, जमीनदारीण!"

माझ्या नवऱ्याने, कोपने, कुठेतरी ऐकलं होतं: बंद, अंधाऱ्या टाकीत कोमट खारं पाणी भरतात, माणूस त्यात नुसता तरंगत राहतो. आवाज नाही, उजेड नाही, अंगाला कशाचा स्पर्श नाही. "आपल्या कोठारात मिठागरातून उरलेल्या कडू मिठाची पोती पडलीत," तो म्हणाला. "फक्त टाकी हवी."

आधी त्याने प्लायवुडची लांबट पेटी केली, झाकणासकट. आईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"छान झालीय रे. भिक्षूंना सांगितलंस का?"

"कशाला?"

"मला जाळायच्या आधी मंत्र नकोत?"

पेटीत आता कोंबड्या झोपतात.

मग सवैंगमामा, आईंचे धाकटे भाऊ, होड्या बांधणारे. त्यांनी फायबरची निमुळती टाकी आणली, झाकणाशिवाय. तिची डोक्याची बाजू त्यांनी आपणहून पूर्वेकडे वळवून ठेवली, कारण पश्चिमेला डोकं करून आमच्याकडे फक्त मेलेली माणसं निजतात, आणि आई याबाबतीत फार कडक. पण आत आईंचं कोपर भिंतीला लागायचं, अंग दचकायचं, पाठीत कळ जायची.

"ताई, तू हलतेस."

"मग काय श्वासही घेऊ नको?"

फ्लोईला आंघोळ घालताना मला सुचलं. गोल टबात ती कुठेच आपटत नाही. शेजारच्या खेकडेवाल्यांकडून मोठी गोल काळी टाकी मागून आणली, पाणी भरून त्यात कडू मीठ विरघळवलं. वर ताडपत्री. पहिल्यांदा कोपने ती सपाट ताणली आणि मी आत पडून पाहिलं, तर वाफेचा थेंब नेमका माझ्याच नाकावर. मग बांबू लावून तिला आम्ही मिठागरात घालतो त्या निमुळत्या टोपीसारखा उतार दिला, थेंब कडेने ओघळायला लागले. पाणी सकाळपासून उन्हात तापलेलं. बाळाच्या पाण्यात घालते तसं कोपर घालून पाहिलं. अगदी बरोबर.

आईंच्या भेगाळलेल्या टाचांना मी खोबरेल चोपडलं, नाहीतर मीठ झोंबलं असतं. छातीशी सारोंग गुंडाळून त्या आत उतरल्या. "बुडाले तर तुम्हा सगळ्यांना बघून घेईन," म्हणाल्या आणि पूर्वेला डोकं करून हळूच मागे रेलल्या. आम्ही ताडपत्री सोडली.

बराच वेळ काहीच नाही. मग घोरणं! मी कडा उचलून डोकावले. आई उताण्या होत्या. सरळ, पसरलेल्या, तोंड उघडं. कोपच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी त्याला चिमटा काढला, कारण मलाही रडू येत होतं.

तेवढ्यात मामा पुटपुटले, "अरे, ताई फिरतेय."

गोल टाकीत आई सावकाश वळत होत्या. डोकं दक्षिणेला आलेलं, आता पश्चिमेकडे निघालेलं.

"उठवायचं?" कोप म्हणाला.

"खबरदार!" मी आणि मामा एकदमच कुजबुजलो.

कोप पाण्यात उतरला. टाच दोन बोटांत धरून त्याने, होडी किनाऱ्याला लावावी तसं, आईंना अलगद पूर्वेकडे वळवलं. सोडलं, की त्या पुन्हा फिरायच्या. म्हणून तो टाच धरूनच उभा राहिला. स्पर्शाशिवायची टाकी होती ना! घोरण्याचा सूर मात्र जराही बदलला नाही.

सूर्य कलल्यावर आईंनी डोळे उघडले. दोन्ही हात पसरले, पाठ ताणली आणि हसल्या.

"उद्या पुन्हा," म्हणाल्या. मग नजर पायाशी उभ्या कोपकडे गेली. "आणि तू रे? पाय धुऊन उतरलायस का माझ्या पाण्यात?"