आरती होईपर्यंत

चातुर्मासात सकाळची पूजा-आरती होईपर्यंत मी बोलत नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षी हा नेम धरला. पूर्वी अडलंनडलं तर खुणा करायचे, पुढे मोबाइलवर लिहून दाखवायला लागले. मागच्या वर्षी आमची सून सुरुची हसत म्हणाली, "आई, हे मौन नाही, म्यूटवर टाकलेला कॉल आहे." ती थट्टेतच म्हणाली, पण मला ते लागलं, आणि पटलंही. म्हणून यंदा देवापुढे संकल्प सोडला की खूण नाही, लिहिणं नाही, मानसुद्धा हलवायची नाही.

सुमतीताई माझी मोठी बहीण. लग्न केलं नाही, माहीमला एकटी राहते. आमची आई लवकर गेली, माझ्या वेण्या ताईनेच घातल्या. तिच्या पोटातली गाठ काढायची होती. आदल्या संध्याकाळी परळच्या इस्पितळात तिला दाखल केलं, तिची उशी सारखी केली आणि रात्रीच्या स्वयंपाकासाठी मी घरी परतले. निघताना तिने माझा हात धरला. ताई कधी कुणाकडे काही मागत नाही. म्हणाली, "दहाला नेणार आहेत. आत जाताना दाराशी तू दिसलीस की मला पुरे."

मी हो म्हणून आले. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, हल्ली विसर पडतो. त्यांना एकटं ठेवता येत नाही. त्यांना सांभाळायला रुपाली येते. ती सातला येणार, मी पूजा आटोपून निघणार, असं ठरलेलं होतं.

सकाळी फोन वाजला तेव्हा मी दूर्वा निवडत होते. समोर रुपालीचं नाव दिसत होतं आणि मला तो उचलता येत नव्हता. सुरुचीने तोंडात ब्रश ठेवूनच उचलला. रुपालीचा मुलगा रात्रभर तापाने फणफणत होता. ती येणार नव्हती.

मग स्वयंपाकघरात तिघं जमली. आमचे हे म्हणाले, बँकेत ऑडिट चालू आहे, आज मी जागेवर नसलो तर चर्चा होईल. आमचा मुलगा विक्रांत म्हणाला, मागच्या वेळी आजोबांपाशी मीच थांबलो होतो, एक मीटिंग चालू असताना त्यांनी गॅस उघडा टाकला, आता माझ्याच्याने होणार नाही. सुरुचीला तीन महिन्यांचं काम आज साहेबांना दाखवायचं होतं. खोटं कुणी बोलत नव्हतं. मी कणीक मळत सगळ्यांची तोंडं बघत होते. कुणीतरी ताईचं नाव घेईल म्हणून वाट पाहत होते.

सुरुचीने घेतलं. "अरे, पण आईंना आज मावशींकडे जायचंय ना?"

"दुपारी जाईल की," विक्रांत म्हणाला. "ऑपरेशनच्या वेळी बाहेर बसून कुणी काय करतं? मी लवकर सुटायचं बघतो. आई, चालेल ना तुला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभर थांबला, नाही असं नाही. माझे हात कणकेत होते आणि मान हलवायची नव्हती. हे वर्तमानपत्र घडी करत म्हणाले, "अरे, मौनं संमतिलक्षणम्." तिघंही हसली आणि आपापल्या कामाला लागली. प्रश्न सुटला होता.

मनात आलं, बोलून टाकावं. एक शब्द, नाही म्हणायचं फक्त. पण ताईचं ऑपरेशन, आणि त्याच सकाळी मी देवापुढे दिलेला शब्द मोडायचा? उद्या तिला काही कमीजास्त झालं तर मी आयुष्यभर कोणाला दोष देणार? त्यापेक्षा पूजा भराभर आटपावी, तोंड सुटलं की सगळं सांगावं. अजून वेळ होता.

डबे भरले. आंघोळ करून सोवळं नेसून देवापुढे बसले, एवढ्यात मामंजींच्या खोलीतून कप पडल्याचा आवाज आला. हे दाढी करत होते; म्हणाले, "अगं, बाबांनी चहा सांडला बघ." मी उठले. त्यांचं धोतर भिजलं होतं, चादर भिजली होती. ते मला सासूबाई समजून म्हणाले, "सुभद्रा, तू बोलत का नाहीस? रागावलीस?" मी त्यांचं अंग पुसलं, कपडे बदलले. म्हणजे आता माझी आंघोळ पुन्हा. नळाचं पाणी गेलेलं. पिंपातलं काढून गारच अंगावर ओतलं आणि परत बसले. देवांना स्नान घालत होते तोच विक्रांतला निळा शर्ट मिळेना. त्याने दारात उभं राहून चार वेळा विचारलं, मग स्वतःच शोधला. गंध उगाळायला घेतलं तर दूधवाल्याची बेल. त्यांचं सगळं माझ्यावाचून अडत होतं, आणि त्यांचं अडलं की माझी पूजा अडत होती, आणि पूजा होत नाही तोवर माझं तोंड बंद होतं. बंद तोंडामागे ठरायचं ते ठरून गेलं होतं.

निरांजन लावलं तेव्हा बाहेर बुटांचे आवाज सुरू झाले. मी आरती म्हणायला लागले. आयुष्यात म्हटली नसेल इतकी मोठ्याने आणि घाईने म्हटली. ती संपेपर्यंत यांनी थांबावं, एवढंच मागत होते. सुरुची दारातून म्हणाली, "आज आईंचा आवाज किती छान लागलाय." हे म्हणाले, "येतो गं. ताईंना सांग, संध्याकाळी सगळे भेटायला येतो." दार ओढलं गेलं. माझी दोन कडवी बाकी होती.

ती म्हणून, हात जोडून मी गॅलरीत धावले. आमच्या फणसवाडीच्या गल्लीच्या तोंडाशी यांची पाठ दिसली. "अहो," मी हाक मारली. माझा आवाज खाली पोचण्याआधी एका टेम्पोच्या हॉर्नने गिळला. फोन केला, वाजत राहिला. विक्रांतचा आणि सुरुचीचा लागेना. शेजारी कुणाला बोलवावं तर आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांनी इमारत पाडणार म्हणून आधीच घरं सोडलेली, दारांना कुलपं.

मग मी ठरवलं, मामंजींना बरोबर न्यायचं. त्यांना कोट घातला, चपला घातल्या. दाराला कुलूप लावलं, त्यांचा हात खांद्यावर घेतला आणि जिना उतरायला लागले. ते दोन वर्षांत खाली उतरले नव्हते. पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांचे पाय थरथरायला लागले आणि ते मटकन पायरीवर बसले. वर नेता येईना, खाली नेता येईना. मी त्यांच्या खालच्या पायरीवर, ते घसरू नयेत म्हणून त्यांचे गुडघे धरून बसले.

तिथे ताईचा फोन आला. "निघालीस का गं?"

"जिन्यात आहे, ताई."

"मग ये सावकाश. मी इथल्या लोकांना जरा थांबवते," ती म्हणाली आणि हसली. माझ्याच्याने पुढचं सांगवलं नाही.

यांना पुन्हा फोन लावला. या वेळी उचलला. मी म्हटलं, "परत या."

"काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. जिन्यात बसलेत. मला ताईकडे जायचंय."

"अगं, सकाळी काही बोलली नाहीस."

मी एवढंच म्हटलं, "तुम्ही येईपर्यंत बसते. आलात की निघणार."

ते आले. कपाळावर आठ्या होत्या, सदरा घामाने चिकटलेला. एका बाजूने त्यांनी, दुसऱ्या बाजूने मी, असं मामंजींना वर नेलं. मी पर्स उचलली आणि उतरले. टॅक्सी लालबागला अडकली. पुढच्या ट्रकचं मागचं फळकूट एवढंच दिसत होतं. मी नामस्मरण करायला लागले आणि चुकत राहिले.

ताईचा पलंग रिकामा होता. चादर बदलणारी बाई म्हणाली, "तुम्ही बहीण काय? पाणी द्या, बाथरूमला जायचंय, चश्मा सापडत नाही, असं करून थांबवत होत्या बिचाऱ्या. आत्ताच नेलं बघा. लिफ्टपर्यंत मागे वळून बघत होत्या."

मी वरच्या मजल्यावर गेले. दार बंद, वर लाल दिवा. बाकावर बसले तोच यांचा फोन. बाबांचे बनियन कुठे आहेत, विचारत होते. मी सांगितलं, खालच्या खणात, डाव्या हाताला. मग म्हणाले, "ताई भेटल्या ना?"

"नाही."

पलीकडे खण ओढल्याचा आवाज आला. मागे मामंजी कुणाला तरी हाका मारत होते. मग हे हळूच म्हणाले, "जेवायला काय करू, बाबांना?"

"वरणभात टाका. कुकरच्या तीन शिट्ट्या," मी म्हटलं, आणि डाळ कुठल्या डब्यात आहे ते सांगू लागले. सांगताना डोळे त्या दारावरून हलवले नाहीत.